केंटकीच्या घोड्याचे शिंगरू 'मेरीलँड-ब्रेड' कसे ठरते? पैदासकारांची संघटना नेमके काय करते?

लॉरेलवासी यांचा प्रश्न:

गेल्या शनिवारी अमेरिकेतील मेरीलँड राज्यात, लॉरेल पार्कच्या मैदानावर आम्ही प्रथमच सहकुटुंब शर्यती पाहिल्या. माझे लहानपण पुण्यात गेले, तरी तिथला रेसकोर्स पाहिला तो बसच्या खिडकीतूनच. शर्यतीचे पुस्तक हातात घेऊन ओळ न् ओळ वाचण्याचा योग इकडे आल्यावर आला. त्या पुस्तकात पाचव्या शर्यतीतील तीन वर्षांच्या एका घोडीपुढे पैदासकाराचे नाव आणि मेरीलँड राज्याचा उल्लेख होता. शेजारी बसलेले एक वयस्कर गृहस्थ मात्र सांगत होते की, तिचा बाप केंटकीत उभा आहे (म्हणजे पैदाशीसाठी तेथे ठेवलेला आहे) आणि आईसुद्धा तिथल्याच लिलावात घेतलेली आहे. असे असताना ती मेरीलँडची कशी? शिवाय ती शर्यत केवळ मेरीलँड-ब्रेड घोड्यांसाठी राखीव होती. ही नोंद राज्यातील पैदासकारांची संघटना ठेवते, असेही ते म्हणाले. घोडे पळवायचे नाहीत आणि मैदानही चालवायचे नाही, तर अशी संघटना वर्षभर करते तरी काय, हे जाणकारांनी समजावून सांगावे.

हार्फर्डकर यांचे उत्तर:

'ब्रेड' हा शब्द ऐकला की आपल्या मनात वंश येतो. येथे त्याचा अर्थ जन्मस्थान एवढाच आहे. शिंगराचा बाप कोठे उभा आहे, घोडी कोठे फळली, शिंगरू पुढे कोणाच्या कुरणात वाढले आणि कोणाच्या तबेल्यात तयार झाले, यांपैकी कशानेही हे बिरुद ठरत नाही. घोडी ज्या राज्यात व्याली, त्या राज्याचे नाव शिंगराला लागते. बक्षिसाच्या रकमांसाठी संघटनेकडे वेगळी नोंदणी करावी लागते आणि तिच्या आणखी काही अटी आहेत, पण पाया हाच.

'पैदासकार' हा शब्दही असाच फसवा आहे. घोड्यांच्या वंशाची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकेतील जॉकी क्लबच्या व्याख्येप्रमाणे, शिंगरू जन्मले त्या वेळी घोडी ज्याच्या मालकीची असेल तो पैदासकार. त्यामुळे एखाद्याने नोव्हेंबरच्या लिलावात गाभण घोडी विकत घेतली आणि ती फेब्रुवारीत व्याली, तर नर निवडण्यात त्याचा काडीचाही हात नसताना पुस्तकात नाव त्याचेच छापले जाते.

सर्वांत प्रसिद्ध उदाहरण सिगार या घोड्याचे आहे. आमच्याच हार्फर्ड काउंटीत, बेल एअरजवळच्या कंट्री लाइफ फार्मवर, 1990 च्या एप्रिलमध्ये तो जन्मला. पुढे 1994 ते 1996 या काळात त्याने सलग 16 शर्यती जिंकल्या, आणि त्या प्रत्येक विजयात त्याच्या नावापुढे मेरीलँड छापलेले होते. (निवृत्तीनंतर तो निर्बीज निघाला आणि त्याच्यापासून एकही शिंगरू झाले नाही, हा भाग वेगळा.)

आता थोडे स्वतःचे. मी आणि माझा मेहुणा अशा दोघांत मिळून एक घोडी होती. हिवाळ्यात आम्ही तिला पेनसिल्व्हेनियातील एका तबेल्यात ठेवले होते आणि दिवस भरण्याच्या दोन आठवडे आधी परत आणायचे ठरवले होते. आणण्याच्या आदल्या संध्याकाळी तबेल्यावरून फोन आला की, तिच्या सडांच्या टोकांवर मेणासारखे थेंब दिसत आहेत, आणि पहाटे चारच्या सुमारास ती व्याली. राज्याची हद्द तेथून गाडीने चाळीस मिनिटांवर होती. कुमैत रंगाचे, अतिशय देखणे शिंगरू झाले, मात्र मेरीलँडच्या एकाही राखीव शर्यतीत ते उतरू शकले नाही. चूक सर्वस्वी आमची होती. अकरा महिने वाट पाहिली आणि शेवटच्या आठवड्यासाठी कंजूषपणा केला.

लॉरेलवासी:

आपल्या शिंगराबद्दल वाचून वाईट वाटले. जन्मस्थानाचा नियम समजला, पण त्यामागचा हेतू अजून ध्यानात येत नाही. शिंगरू हद्दीच्या अलीकडे जन्मले काय आणि पलीकडे जन्मले काय, राज्याला त्याचे एवढे अप्रूप का असावे?

कुरणवाला यांचे उत्तर:

घोडी जेथे व्यायची असते तेथे ती काही महिने राहते. तिला गवत लागते, पशुवैद्य लागतो, नालबंद लागतो, रात्रपाळीला जागणारा माणूस लागतो, आणि या सर्वांपेक्षा महत्त्वाचे म्हणजे कुरण लागते. बाल्टिमोर आणि वॉशिंग्टन या दोन शहरांच्या कात्रीत सापडलेल्या राज्यात ज्या जमिनीवर घोडी चरत नाही, तिच्यावर दहा वर्षांत बंगले उभे राहतात. शिंगराच्या जन्मस्थानाला पैसे देणे म्हणजे आडवळणाने ते कुरण राखण्यासाठी पैसे देणे आहे.

आपण विचारलेली संघटना, म्हणजे मेरीलँड हॉर्स ब्रीडर्स असोसिएशन, 1929 साली स्थापन झाली. 1962 मध्ये येथे मेरीलँड-ब्रेड निधी सुरू झाला, आणि देशातील अशा राज्यनिधींमध्ये तो पहिला मानला जातो. त्याची रचना सोपी आहे. मेरीलँड-ब्रेड घोडा राज्यातील मैदानावर चांगला क्रमांक मिळवतो तेव्हा नेहमीचे बक्षीस मालकाला मिळतेच, शिवाय या निधीतून पैदासकारालाही वाटा मिळतो. तोपर्यंत वर्षाचे शिंगरू विकून टाकलेल्या पैदासकाराचा त्याच्या पुढच्या यशाशी काहीही आर्थिक संबंध उरत नसे. आता चार वर्षांपूर्वी विकलेला घोडा जिंकला तरी त्याच्या घरी धनादेश येतो.

दुसरा प्रश्न नर घोड्यांचा होता. 1980 च्या दशकात नॉर्दर्न डान्सरसारखा जगप्रसिद्ध घोडा चेसापीक सिटीजवळ विंडफील्ड्स फार्मवर उभा होता आणि जगभरातून घोड्या येथे येत होत्या. पण एका घोड्याच्या पुण्याईवर राज्याची पैदास किती काळ तगणार? क्रीडा-निवेदक जिम मॅके यांच्या कल्पनेतून 1986 साली 'मेरीलँड मिलियन' हा शर्यतींचा दिवस सुरू झाला. त्यातील निकष मेरीलँड-ब्रेडच्या अगदी उलट आहे: शिंगरू कोठेही जन्मलेले चालते, त्याचा बाप मात्र मेरीलँडमध्ये उभा असलेला असावा लागतो. एका योजनेने घोड्या येथे येतात, दुसरीने नर येथे टिकतात.

जून महिन्यात टिमोनियमच्या जत्रेच्या मैदानावर संघटना वर्षाच्या शिंगरांचे प्रदर्शनही भरवते. एकच परीक्षक असतो. तो शिंगराच्या समोर उभा राहून गुडघे पाहतो, मग त्याला आपल्याकडे आणि आपल्यापासून दूर चालवायला सांगतो आणि बराच वेळ काही बोलत नाही. मौज अशी की, तेथे दाखवलेल्या शिंगरांपैकी जी पुढे दोन आणि तीन वर्षांच्या वयात मैदानावर सर्वाधिक कमाई करतात, त्यांच्या प्रदर्शकांनाही बक्षीस असते, त्यामुळे परीक्षकाचा अंदाज किती खरा ठरला हेही चारचौघांत कळते.

माझ्या मते मात्र संघटनेचे सर्वांत मोलाचे काम घोड्यांपासून दूर, अ‍ॅनापोलिसच्या विधिमंडळात चालते. शेजारच्या डेलावेअर, वेस्ट व्हर्जिनिया आणि पेनसिल्व्हेनिया या राज्यांनी जुगाराच्या स्लॉट मशीनच्या उत्पन्नातून शर्यतींची बक्षिसे वाढवली, तेव्हा येथील घोड्या तिकडे जाऊ लागल्या. 2008 च्या सार्वमतात मेरीलँडच्या मतदारांनी स्लॉटना मान्यता दिली आणि त्या उत्पन्नाचा काही भाग शर्यतींच्या बक्षिसांना व पैदासीच्या निधीला मिळू लागला. तो भाग दरवर्षी तसाच राहावा यासाठी आमदारांपुढे जाऊन शेतकऱ्यासारखे बोलणारे कोणीतरी लागते.

पागेतला कारकून यांचे उत्तर:

मी पुण्याजवळच्या एका स्टड फार्मच्या कार्यालयात अनेक वर्षे नोंदवह्या सांभाळल्या, म्हणून एक भेद स्पष्ट करतो. संघटना आणि स्टड बुक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घोडा थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या घोड्यांच्या शुद्ध जातीचा, आहे की नाही हे संघटना ठरवत नाही. ते वंशावळीच्या अधिकृत नोंदीवरून ठरते. इंग्लंडचे जनरल स्टड बुक 1791 पासूनचे आहे, अमेरिकेची नोंद जॉकी क्लब ठेवतो आणि भारतीय स्टड बुकचे कार्यालय पुण्यात आहे. नियम सर्वत्र सारखेच कडक असतात: कृत्रिम रेतन मुळीच चालत नाही, नर आणि घोडी प्रत्यक्ष एकत्र यावी लागतात, आणि आई-बाप खरे आहेत की नाहीत हे डीएनए तपासणीने पडताळले जाते.

नोंदीसाठी शिंगराचे रेखाचित्र काढतात. कपाळावरचा चट्टा, पायांवरचे पांढरे आणि अंगावरचा प्रत्येक भोवरा त्यात दाखवावा लागतो. भोवऱ्याच्या जागी फुली मारतात. आमच्याकडचे जुने मोतद्दार देवमण हा शुभ मानला जाणारा भोवरा दिसला की शिंगराच्या मानेवरून हात फिरवून नमस्कार करायचे, आणि मी त्याच भोवऱ्यावर निमूटपणे फुली मारून पुढचा पाय बघायला वाकायचो.

राखीव शर्यतीची कल्पना आपल्याकडेही नवी नाही. आज ज्या शर्यतीला आपण इंडियन डर्बी म्हणतो, ती महालक्ष्मीला 1943 साली प्रथम झाली तेव्हा तिचे नाव 'कंट्री ब्रेड डर्बी' असे होते. बडोद्याच्या महाराजांच्या प्रिन्सेस ब्यूटिफुल या घोडीने ती जिंकली. परदेशातून आणलेल्या घोड्यांपुढे येथे जन्मलेल्या घोड्यांना वाव मिळावा, ही त्यामागची दृष्टी मेरीलँडपेक्षा फार वेगळी नव्हती. फरक एवढाच की, मेरीलँडला स्पर्धा परदेशाशी नसून शेजारच्या राज्याशी करावी लागते आणि ती हद्द ओलांडायला जहाज लागत नाही.

लॉरेलवासी:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. हार्फर्डकरांचा अनुभव वाचून शर्यतीचे ते पुस्तक पुन्हा काढून पाहिले, तेव्हा पाचव्या शर्यतीतील त्या घोडीपुढे पैदासकार म्हणून एक नाव आणि मालक म्हणून दुसरेच नाव दिसले. शनिवारी या दोन नावांत काही फरक असतो हेच मला ठाऊक नव्हते. घोडी तिसरी आली होती. म्हणजे कुरणवाल्यांच्या म्हणण्याप्रमाणे, मैदानावर त्या दिवशी हजर नसलेल्या कोणाच्या तरी घरी धनादेश निघाला असावा. जूनमध्ये टिमोनियमला मुलीला घेऊन जाणार आहे. तेथे भोवरे जवळून पाहू देतात का, एवढे कोणी सांगितले तर बरे होईल.

कुरणवाला:

मालकाला विचारून, समोरून आणि डाव्या बाजूने जावे. मागून मुळीच जाऊ नये.