ओस पडलेली गढी पुन्हा वसवताना काय झालं? अनुभव सांगा

परवा भाच्याला भुईकोट किल्ल्यात नेलं. बहामनी, आदिलशाही, निजामशाही, मग 1818 मध्ये इंग्रज, असं मी सांगत होतो. तो म्हणाला, "मामा, हे तर ड्वार्फ फोर्ट्रेस झालं बे!" (मामाला बे म्हणतो. सोलापुरात चालतं.)

नवख्यांसाठी: ड्वार्फ फोर्ट्रेस म्हणजे टार्न आणि झॅक अ‍ॅडम्स या भावांचा 2006 पासूनचा कॉम्प्युटर गेम, ड्वार्फांची (बुटक्यांची) गढी वसवायचा. आपण खेळायला बसण्याआधीच तो शेकडो वर्षांचा इतिहास रचून मोकळा होतो. गावं वसतात, उद्ध्वस्त होतात, पुन्हा तिथेच कुणीतरी चूल मांडतं. खेळातल्या 'लेजेंड्स' या इतिहासाच्या भागात सगळं सालासकट वाचायला मिळतं. माझ्या जगात एक वस्ती तीनदा ओस पडून तीनदा वसलीय. तुमचं काय?

शेंगाचटणी:
मी माझीच गढी बुडवली. नदीच्या तळाखालून बोगदा काढायची हौस! नंतर त्याच जागी सात ड्वार्फ पाठवले. म्हटलं, भिंती आयत्या, लोखंड आयतं. पण जुनं सामान झाडून सगळं 'फॉर्बिड', म्हणजे ड्वार्फांना हात लावायला मनाई. कोठार भरलेलं आणि माझी माणसं लाकडासाठी वणवण फिरतायत. तासभर खेळच बिघडला असं समजून शिव्या देत होतो. मग कळलं, आपणच एकेक वस्तू मोकळी करायची असते. खालच्या मजल्यांवर पाणी अजून आहेच.

कडकभाकरी:
मी खेळाच्या फाइलीत हात घातला. कुठल्या जमातीला कसली वस्ती आवडते आणि कसली चालवून घेते, याच्या साध्या ओळी असतात तिथे. माणसांना शहर, एल्फांना (रानात राहणारी जमात) झाडं, गोब्लिनांना (दुष्ट जमात) काळी गढी. एल्फांपुढे डोंगरातली वस्तीही 'चालते' म्हणून लिहिली आणि दोन रात्री वाट बघत बसलो. काही नाही! जुन्या जगाला नवी ओळ लागूच होत नाही, जग नव्याने घडवावं लागतं. हे आधी सांगायचं की कुणीतरी.

लाइटगेली:
1050 वर्षांचं जग घडवत होतो. सातशेच्या पुढे लाइट गेली. मे महिना, कूलरही बंद. आता 250 वर थांबतो.

धागाकर्ता:
शेंगाचटणी, भाचा विचारतोय, बुडालेल्या गढीतली दारू वाचली का?

शेंगाचटणी:
वाचली की. नऊ पिंपं. सगळी फॉर्बिड.