ले-आउटच्या रस्त्यांसाठी अर्बन डिझाइन फर्म नेमावी का?

प्रश्न : ले-आउट रहिवासी, दक्षिण नागपूर

नमस्कार. आमच्या ले-आउटमध्ये सुमारे ९० प्लॉट आहेत आणि मी येथील नागरिक मंडळाचा सचिव आहे. तीन वर्षांपूर्वी मुख्य रस्ता सिमेंटचा झाला, पण जुने डांबर न उकरता त्यावरच काँक्रीट ओतल्यामुळे तो कित्येक अंगणांपेक्षा वीतभर उंच बसला. तेव्हापासून जोराचा पाऊस आला की पाणी नालीकडे न जाता फाटकातून आत शिरते. माझ्या आईच्या खोलीत सलग दोन पावसाळे पाणी आले. ती ८१ वर्षांची आहे आणि आता रात्री ढग गडगडले की ती उठून बसते.

येत्या हिवाळ्यात आडव्या गल्ल्यांचे काम निघणार आहे. त्याआधी वर्गणी काढून एखाद्या अर्बन डिझाइन फर्मकडून आराखडा करून घ्यावा, असे काही जणांनी सुचविले. ज्येष्ठ सभासद विचारतात की, शहराची विकास योजना आहे, प्रत्येक घराला आर्किटेक्ट आहे, मग मध्ये हा तिसरा कशाला? अशी संस्था नेमके काय करते आणि एवढ्या लहान वस्तीला तिचा उपयोग होतो का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १ : नगररचनाकार, धरमपेठ

सचिव महोदय, मी अशा संस्थेत नऊ वर्षे काम केले आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार तयार होणारी विकास योजना कोणती जमीन कशासाठी, आरक्षण कोठे आणि रस्ता किती रुंद, हे ठरविते. आर्किटेक्टचे काम प्लॉटच्या कुंपणाशी संपते. पण त्या रस्त्याच्या रुंदीत नाली कोणत्या पातळीवर असावी, झाड कोठे राहावे, चालणाऱ्याला किती जागा मिळावी आणि फाटकापाशी उतार कोणत्या दिशेला असावा, हे या दोहोंपैकी एकाही नकाशावर नसते. आपल्या आईच्या खोलीत आलेले पाणी याच मोकळ्या राहिलेल्या जागेतून आले आहे, आणि अर्बन डिझाइनचे काम नेमके तेथे सुरू होते.

म्हणून संस्थेकडे पहिल्याच बैठकीत रंगीत चित्रे मागू नका, पातळ्यांची मोजणी मागा. प्रत्येक घराचा उंबरठा, रस्त्याचा मध्य, नालीचा तळ आणि गडर लाइनच्या (सांडपाण्याच्या भूमिगत वाहिनीच्या) चेंबरचे झाकण यांच्या उंचीची नोंद एका तक्त्यावर आली, की पाणी कोठे अडते ते कोणालाही दिसते. त्यानंतर दर १५ ते २० मीटरवर रस्त्याचा आडवा छेद, म्हणजे रस्ता एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत कापल्यास उंच-सखलपणा कसा दिसेल त्याचे चित्र, काढून घ्यावा. माझ्या मते छेद नसलेला आराखडा स्वीकारूच नये.

दुसरा विषय सावलीचा, आणि नागपुरात तो पाण्याइतकाच महत्त्वाचा आहे. आपले शहर साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे मेच्या अखेरीस भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो आणि इमारतींची सावली रस्त्यावर पडतच नाही. जी मिळते ती झाडाची. दक्षिणोत्तर गल्लीत दुपारनंतर पश्चिमेकडील घरे रस्त्यावर सावली टाकतात, त्यामुळे जागा एकाच बाजूला असेल तर झाडे पूर्वेच्या कडेला लावावीत. पूर्व-पश्चिम गल्लीत मात्र उतरते ऊन रस्त्याच्या लांबीभर पसरते, तेथे दोन्ही बाजूंना कडुनिंब किंवा करंज हवा. बुंध्यापर्यंत काँक्रीट भरू देऊ नका. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ मध्ये दिल्लीतील झाडांबाबत बुंध्याभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचे निर्देश दिले होते, तेच माप आपणही धरावे.

उत्तर २ : नाग नदीकाठची रहिवासी

दादांनी सांगितलेले सर्व पटते, परंतु एक गोष्ट जोडते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी पात्राबाहेर आली आणि अंबाझरी ले-आउट, शंकरनगरपासून सीताबर्डीपर्यंत पाणी घुसले. आमचे तळमजल्याचे सगळे सामान त्यात गेले. त्या दिवशी मला कळले की, आपल्या गल्लीतले पाणी फक्त आपल्या गल्लीचे नसते. आपल्या वरच्या अंगाला कोणती वस्ती आहे आणि आपले पाणी पुढे कोणत्या नाल्याला मिळते, हे ज्या आराखड्यात दाखविलेले नाही, तो आपली घरे कोरडी ठेवून खालच्यांच्या घरात पाणी सोडेल. तसे होऊ देऊ नका.

उत्तर ३ : निवृत्त स्थापत्य अभियंता, महाल

फर्म कितीही चांगली असली तरी रस्त्यावर काम करण्याचा अधिकार तिला नाही. आपले ले-आउट नागपूर सुधार प्रन्यासाच्या ताब्यात आहे की महानगरपालिकेकडे हस्तांतरित झाले आहे, हे आधी कागदावर पाहा आणि त्याच कार्यालयाच्या अभियंत्याला मोजणीच्या दिवशी बोलवा, कारण जो नकाशा त्याच्यासमोर मोजला गेला तो नाकारणे त्याला कठीण जाते. निविदा निघण्यापूर्वी लेखी मागणी एकच असावी : जुना थर खरवडून काढावा आणि नव्या रस्त्याची वरची पातळी सर्वांत खालच्या अंगणाच्या खाली राहावी. निविदेनंतर अंदाजपत्रक बदलून घेणे फार जिकिरीचे होते.

रस्त्यांची मानके ठरविणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचारी सुविधांच्या मार्गदर्शिकेत पदपथावर किमान १.८ मीटर अडथळारहित जागा सांगितली आहे. आपल्या अरुंद गल्ल्यांत दोन्ही बाजूंना ती बसणार नाही. एका बाजूला सलग मिळाली तरी पुरे, तुकड्यातुकड्यांनी नको. शुल्क टप्प्याटप्प्याने द्या आणि पहिला टप्पा केवळ मोजणीचा ठेवा.

प्रश्नकर्ता

आपणा सर्वांचे मनापासून आभार. काल मंडळाची बैठक झाली आणि मोजणीपुरती वर्गणी काढण्यास ज्येष्ठ सभासदांनीही संमती दिली. येत्या रविवारी आमच्यातील एक गवंडी पातळी जुळविण्याची पाण्याने भरलेली पारदर्शक नळी घेऊन येणार असून फर्म ठरण्याआधीच आम्ही सर्व उंबरठ्यांच्या पातळ्या टिपून ठेवू. ताईंच्या सूचनेनुसार वरच्या अंगाच्या ले-आउटच्या मंडळालाही पत्र दिले आहे. त्यांची नाली आमच्या नालीला जेथे मिळते, तेथील चेंबर काँक्रीटखाली गाडले गेले आहे. ते रस्ता न फोडता शोधता येते का, हे अभियंता काकांनी सांगितले तर रविवारीच पाहून घेऊ.