प्रश्न आधी ठरवा

कामावर माणूस निवडताना 'पाच मिनिटं गप्पा मारल्या की माणूस कळतो' असं बरेच जण म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. गप्पांतून समोरचा बोलका आहे एवढंच कळतं. मानसशास्त्रज्ञ पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये जुनं संशोधन पुन्हा तपासलं, तेव्हा ठरावीक प्रश्नांच्या मुलाखतीचा पुढच्या कामगिरीशी सहसंबंध (० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण) ०.४२ निघाला, मोकळ्या मुलाखतीचा ०.१९. नुसती अनुभवाची वर्षं तर त्याहूनही खाली.

मी आता सगळ्यांना तेच सहा प्रश्न विचारते, प्रत्येक उत्तराचे गुण तिथल्या तिथे मांडते आणि अर्ध्या तासाचं खरं काम करायला देते (त्याचे पैसे देऊन, फुकट करून घेणं अन्यायाचं आहे). पहिल्याच खेपेला बोलताना अडखळणारी मुलगी कामात सगळ्यांच्या पुढे निघाली. गप्पांवर गेले असते तर तिला मी घेतलंच नसतं.