चॉइस काहीही घ्या, गोष्ट तिकडेच जाणार असेल तर विचारता कशाला?

निशाचर९६:
टेलटेल कंपनीचा द वॉकिंग डेड हा गेम आत्ता संपवला, २०१२ चा आहे माहितीये. पहिल्या एपिसोडमध्ये डग आणि कार्ली यातल्या एकालाच वाचवता येतं, मी कार्लीला वाचवलं आणि वाटलं आता पुढचं सगळं वेगळं होणार. तिसऱ्यात गटातलीच लिली तिला गोळी घालते. यूट्यूबवर बघितलं तर डग जगला असता तर तोही तिथेच, लिलीच्याच गोळीने मरतो!! आणि वर स्क्रीनवर आपलं "क्लेमेंटाइन हे लक्षात ठेवेल" येत राहतं (क्लेमेंटाइन म्हणजे आपल्यासोबतची लहान मुलगी), काय लक्षात ठेवते देव जाणे. लाइफ इज स्ट्रेंजचंही तेच, पाच एपिसोड वेळ मागे नेऊन नेऊन निर्णय घ्या आणि शेवटी काय तर दोनच पर्याय. खरंच फरक पडतो असा एखादा गेम सांगा ना, स्पॉयलर चालतील.

घोरपड:
विचर ३ खेळ. त्यात टेकडीखाली झाडात अडकलेला एक आत्मा आहे, तो म्हणतो मला सोड, मी दलदलीतल्या अनाथ मुलांना वाचवतो. सोडला तर मुलं वाचतात पण तो एक अख्खं गाव मारतो, तिथल्या सरदाराची म्हणजे बॅरनची बायको शापाने जाते आणि बॅरन गळफास घेतो. मारला तर मुलं गेली, पण बायको जिवंत राहते (डोकं ठिकाणावर नसतं) आणि बॅरन तिला घेऊन उपचार शोधायला निघतो. म्हणजे बरोबर उत्तर नाहीच. आणि हे सगळं लगेच कळत नाही, बरंच पुढे गेल्यावर कळतं, तोवर जुना सेव्ह लोड करायची इच्छाच उरत नाही. हिरोच्या मानलेल्या मुलीचं, सिरीचं तर अजून भारी, ती जगणार की नाही हे तू तिच्याशी बर्फाचे गोळे फेकत खेळलास का, तिला एकटीला बोलायला जाऊ दिलंस का असल्या बारीक गोष्टींवर ठरतं.

कागदीवाघ:
घोरपड शी सहमत पण पूर्ण नाही. गोष्टीची प्रत्येक फांदी कुणीतरी लिहायची, आवाज द्यायचा, अ‍ॅनिमेट करायची आणि बहुतेक लोक त्यातली एकच बघणार, म्हणून फांद्या पुढे परत जोडतातच. मास इफेक्ट १ मध्ये रॅक्नाय या किड्यांसारख्या परग्रहींच्या राणीला मारलं तरी ३ मध्ये रॅक्नाय आहेतच, रीपर्सनी (शत्रू यंत्रांनी) दुसरी राणी बनवलेली असते. त्यामुळे शेवट किती आहेत हे मोजण्यात अर्थ नाही असं मला वाटतं. पेपर्स प्लीज (२०१३) बघ, तू सीमेवरचा कारकून. नवऱ्याचे कागद बरोबर, मागून बायको येते तिच्याकडे परमिट नाही. सोडलं तर ताकीद. दिवसातल्या पहिल्या दोन ताकिदी फुकट, तिसरीपासून पगार कापतात आणि घरी पोरगा आजारी. म्हणजे तिला सोडायचं तर दिवसभर बाकी कागद नीट तपासायला लागतात. गोष्ट फार बदलत नाही रे, पण दया दाखवायला काहीतरी मोजावं लागतं.

निशाचर९६:
हे आवडलं. पण मग बायोशॉकमध्येही मोजावं लागतंच की, लिटल सिस्टरला (त्या लहान मुलींपैकी एकीला) मारण्याऐवजी वाचवलं तर अ‍ॅडम (ज्याने शक्ती विकत घेतो ते) कमी मिळतं

कागदीवाघ:
कुठे कमी? मारलं तर १६०, वाचवलं तर ८०, पण दर तीन मुली वाचवल्या की २०० ची भेट येते. तिघींचा हिशोब ४८० विरुद्ध ४४०, वर भेटीत इतर सामानही. चांगलं वागून तोटाच होत नाही, मग निर्णय कसला

मध्यरात्र_मोड:
कोणी अंडरटेल (२०१५) म्हणालंच नाही?? त्यात एकालाही न मारता गेम संपवता येतो. सुरुवातीला आपली काळजी घेणाऱ्या टोरिएलला मारून वाईट वाटलं, म्हणून लोड करून तिला वाचवलं तर पुढे फ्लावी हे बोलणारं फूल तोंडावर सांगतं की तू काय केलंस ते मला माहितीये. आणि सगळ्यांना मारत शेवटपर्यंत गेलास तर नंतर नव्याने सगळ्यांना वाचवून खेळलास तरी तो गोड शेवट बिघडलेलाच मिळतो. निशाचर, तुला लक्षात ठेवणारा गेम पाहिजे होता ना, घे 😄