चर्चा: आजारी-निवृत्त फादरांच्या निधीचा प्रमुख कोण?

मिरज_जंक्शन: 'फादरांचा निधी फादरांनीच चालवावा, प्रापंचिक माणूस आला की सेवेचं ऑफिस होतं,' ही कालची पोस्ट वाचून राहवलं नाही. अहो, ऑफिस व्हायलाच हवं! विश्वस्त बदलला की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट जावा लागतो. फादरांची बदली होते, रिपोर्ट राहतो, शेड्यूल-१ वर, म्हणजे ट्रस्टच्या नोंदीच्या उताऱ्यावर, जुनंच नाव आणि बँक नवी सही घेत नाही. ऐन ऑपरेशनच्या वेळी ठेव मोडायची, तर सहीवाले फादर सोलापुरात! शिवाय जुन्या निधीतल्या देणग्या हेतूला बांधलेल्या असतात. औषधांसाठी आलेला पैसा छपराला लावला की चर्च कायद्याचं कलम १२६७ मोडलं. हे बदलीच्या माणसाचं काम नाही. प्रापंचिक मॅनेजर नेमा, आणि फादरांना मिरजेत भाड्याच्या खोल्यांत ठेवा.

वाईकर: हिशेबाला सीए असतो हो. फादरांनी ७५ झाल्यावर राजीनामा द्यायचा आणि मग डायपर लागतोय हे तुमच्या मॅनेजरला सांगायचं? फादर ते फादरलाच सांगणार, तेही दार लावून. आणि मिरजेत भाड्याच्या खोल्या कशाला? पाचगणीला घर घ्या, हवा तरी चांगली.

मिरज_जंक्शन: आली पाचगणी! तिथलं क्षयरोग्यांचं बेल-एअर सॅनेटोरियम १९१२ साली निघालं तेव्हा क्षयावर औषधच नव्हतं, म्हणून हवा. पक्षाघाताला हवा काय करणार? गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत लागतं, त्याआधी सीटी स्कॅन. जुलैच्या रात्री धुक्यात पसरणी घाट उतरून साताऱ्याला कधी पोचणार? १३०० मीटरवर दमेकऱ्याचा ऑक्सिजन आधीच कमी. ओल्या पायरीवर पाय घसरून खुबा मोडला तर ते वेगळंच.

वाईकर: म्हणजे पाचगणीत म्हातारी माणसं राहतच नाहीत वाटतं!

कृष्णाकाठची: हवेवरून भांडताय, पण कूस कोण बदलणार? अंथरुणाला खिळलेल्याला दर दोन तासांनी वळवलं नाही तर पाठीला जखमा. बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या आणि सुट्टीला बदली, म्हणजे एका खाटेमागे तीन माणसं. निधी यावर खर्च करा. दवाखान्यात दाखल व्हायचं झालं तर सत्तरीपुढच्यांना २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड आहे. वर्षाला ५ लाख, उत्पन्नाची अट नाही, आधार पुरतो. अडतं कुठे? आधारला जुना मोबाइल नंबर, त्यामुळे ओटीपी येत नाही. सत्तरी गाठायच्या आधीच नंबर बदलून घ्या. हॉस्पिटलही यादीतलंच लागतं.

वाईकर: सरकारी कार्डावरच भागवायचं तर निधीचं काय लोणचं घालायचं?

कृष्णाकाठची: कार्डात फक्त दाखल झाल्यावरचा खर्च बसतो. रोजची बीपीची गोळी, डायपर, चष्मा, कवळी, रात्रीचा माणूस, यातलं काही बसत नाही. लोणचं नंतर घाला.

वाईकर: बरं बाई, कार्डाचं मानलं. मॅनेजरही ठेवा प्रापंचिक, सह्या करू देत. पण दर आठवड्याला खोलीत जाऊन बसणारा फादर नेमा, आणि 'याला आता काय लागतं' हे त्यानेच ठरवायचं. पाचगणी मात्र मी सोडत नाही. मे महिन्यात मिरजेत पंख्याखाली भाजून काढायचंय का त्यांना?

मिरज_जंक्शन: पाठवा की, एप्रिल-मे, हिंडते-फिरते आहेत त्यांना. भाड्याने. घर विकत घेतलंत तर उद्या विकताना सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागेल, आणि ती येईपर्यंत छपराला पैसा कुठल्या देणगीतून काढणार ते सांगा.