दोन मुलांची मर्यादा आणि आपल्या कराचे पैसे

प्रेषक: माधव, हॅरो (लंडन)

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

नोव्हेंबर 2025 च्या ब्रिटनच्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री रेचल रीव्ह्ज यांनी युनिव्हर्सल क्रेडिट या कमी उत्पन्नाच्या घरांना मिळणाऱ्या सरकारी मदतीतली दोन मुलांची मर्यादा एप्रिल 2026 पासून उठवण्याचे जाहीर केले, त्यावर आपल्या मंडळात कोणीच काही लिहू नये याचे मला आश्चर्य वाटते. 2029-30 पर्यंत या निर्णयाचा वार्षिक खर्च सुमारे 3 अब्ज पौंडांवर जाईल असा अंदाज त्याच दिवशी प्रसिद्ध झाला, आणि तो ज्यांच्या करातून भागवला जाणार त्यांत आपली बहुतेक घरे आहेत.

आपण एकदोन मुलांवर थांबलो ते मुलांची हौस नव्हती म्हणून नव्हे. घराचा हप्ता, पाळणाघराचे पैसे आणि तिकडे आईवडिलांची जबाबदारी यांचा हिशेब मांडून थांबलो. लाल त्रिकोणाच्या पाट्या पाहत वाढलेल्या माझ्या पिढीला तर हे वेगळे शिकवावेही लागले नाही. तिसरे मूल झाले म्हणून नोकरदाराचा पगार वाढत नाही. मग त्याच्याच करातून दुसऱ्याच्या तिसऱ्या-चौथ्या मुलासाठी वाढीव रक्कम का जावी? 2015 साली तेव्हाचे अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बोर्न यांनी ही मर्यादा मांडली तेव्हा हाच युक्तिवाद केला होता, आणि तो मला आजही खोडता आलेला नाही.

व्हिसावर आलेल्या तरुण मंडळींचे तर विचारूच नका. प्रौढ माणसामागे वर्षाला 1,035 पौंड आरोग्य अधिभार ती आगाऊ भरतात, शिवाय प्राप्तिकर आणि नॅशनल इन्शुरन्सची (सामाजिक विम्याची) वर्गणी आहेच. तरी सार्वजनिक निधीतून मदत मागता येणार नाही ही अट त्यांच्या व्हिसावर असते. त्यांना पहिल्या मुलासाठीसुद्धा चाइल्ड बेनिफिट, म्हणजे मुलांमागचा सरकारी भत्ता, मिळत नाही. हे कोणत्या न्यायात बसते?

महाराष्ट्रात दोनांहून अधिक मुले असतील तर ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येत नाही, सरकारी नोकरीसाठी लहान कुटुंबाचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. तिकडे हे रास्त मानायचे आणि इकडे त्याला निष्ठुरपणा म्हणायचे, यातली संगती जाणकारांनी समजावून द्यावी.

आपला,
माधव

प्रेषक: शुभदा, लेस्टर

माधवकाका, सादर नमस्कार.

व्हिसाबद्दलचा आपला मुद्दा मला मान्य आहे आणि त्यावर वेगळे लिहीन. बाकीच्या पत्राशी मात्र मी सहमत नाही. सरकारी मदतीबाबत सल्ला देणाऱ्या केंद्रात मी काम करते, त्यामुळे हा नियम रोज हाताळावा लागत असे. थोडे सविस्तर लिहिते.

मर्यादा नेमकी कशावर होती ते आधी सांगते, कारण बोलण्यात दोन गोष्टींची नेहमी सरमिसळ होते. चाइल्ड बेनिफिटला ती कधीच नव्हती. ते 2025-26 मध्ये पहिल्या मुलाला आठवड्याला 26.05 पौंड आणि पुढच्या प्रत्येकाला 17.25 पौंड होते; आईवडिलांपैकी एकाचे उत्पन्न 60,000 च्या वर गेले की ते परत जाऊ लागते आणि 80,000 ला पूर्ण जाते, हे आपल्याकडच्या अनेक घरांना ठाऊक आहे. एप्रिल 2026 पर्यंत मर्यादा होती ती युनिव्हर्सल क्रेडिटमधल्या मुलामागच्या रकमेवर. 6 एप्रिल 2017 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेले मूल घरातले तिसरे किंवा त्यापुढचे असेल, तर त्याच्यासाठीचे, 2025-26 च्या दराने महिन्याचे 292.81 पौंड मिळत नसत. वर्षाचे ते साडेतीन हजार होत.

आता आपला युक्तिवाद. नवराबायको हिशेब करून बसले आहेत आणि सरकार देईल या भरवशावर तिसरे मूल होऊ देत आहेत, असे चित्र त्यात गृहीत धरलेले आहे. माझ्यासमोर येणाऱ्या घरांत बहुधा तसे नसते. तिसरे मूल झाले तेव्हा दोघेही कमावते होते. नंतर एकाला पक्षाघात झाला, कारखाना बंद पडला, नवरा सोडून गेला किंवा वारला, आणि मग पहिल्यांदा युनिव्हर्सल क्रेडिटचा अर्ज करण्याची पाळी आली. नियम त्या दिवशी मुले मोजत असे. अपवादांची यादी होती, पण तीत वैधव्य नव्हते, आजारपण नव्हते आणि नोकरी जाणेही नव्हते. जुळी होती, पण तीही कशी पाहा: आधी एक मूल आणि मग जुळे झाले तर तिघांचेही पैसे मिळत; आधी जुळे आणि मग एक झाले तर शेवटच्याचे मिळत नसत. दोन्ही घरांत तोंडे तितकीच आणि बाळंतपणेही दोनच. याच्या समर्थनार्थ आईवडिलांच्या जबाबदारीचे कोणते तत्त्व सांगता येईल, ते मला अजून सापडलेले नाही.

एका अपवादाबद्दल लिहिताना आजही संकोच वाटतो, पण तो टाळून हा विषय पुरा होत नाही. तिसरे मूल बलात्कारातून झाले असेल तर पैसे मिळत, मात्र त्यासाठी त्या बाईने डॉक्टर किंवा समाजसेविकेसारख्या व्यक्तीपाशी ते सांगायचे, त्या व्यक्तीने अर्जावर तशी नोंद करायची आणि बाई त्या पुरुषासोबत राहत नसली पाहिजे. तेव्हाच्या खासदार ॲलिसन थ्यूलिस यांनी 2015 च्या अर्थसंकल्पाच्या कागदपत्रांतून हे कलम उघडकीला आणले आणि ते पुढे वर्षानुवर्षे लावून धरले. हे कुणा एका अधिकाऱ्याच्या असंवेदनशीलतेतून घडले असे मी मानत नाही. अमुक क्रमांकाच्या मुलाला मदत नाही असे एकदा ठरवले, की ते मूल कसे झाले याची चौकशी सरकारला करावीच लागते.

नोकरदारांच्या पैशांवर बिनकामाची कुटुंबे पोसली जातात, असे आपण लिहिलेले नाही, पण आपल्याकडे ते बोलले जाते म्हणून सांगते: मर्यादेचा फटका बसलेल्या दर दहा घरांपैकी जवळपास सहा घरांत कोणी ना कोणी नोकरी करणारे होते. केअर होममध्ये, गोदामात, टॅक्सीवर काम करणारी ही माणसे कर भरतात, आणि घरभाडे दिल्यावर त्यांच्या हातात फारसे उरत नाही. बरे, मर्यादेमुळे लोकांनी तिसरे मूल होऊ देणे थांबवले का? अभ्यासकांनी तपासले तेव्हा जन्मांवर झालेला परिणाम अगदी किरकोळ निघाला. म्हणजे मुले जन्मली ती जन्मलीच, फक्त त्यांच्या वाट्याचे पैसे गेले.

याच देशात एकेकाळी हिशेब नेमका उलटा होता. खासदार एलिनॉर रॅथबोन यांनी कित्येक वर्षे लढून कुटुंबभत्त्याचा कायदा 1945 साली करून घेतला, आणि पैसे आईच्या हाती द्यावेत हा आग्रहही तडीस नेला. तो भत्ता आठवड्याला 5 शिलिंग होता आणि दुसऱ्या मुलापासून पुढे मिळायचा. एका मुलाचा खर्च मजुरीतून भागतो, खरी ओढाताण मुले वाढली की होते, असा त्यामागचा विचार होता. ऑगस्ट 1946 मध्ये पहिले पैसे वाटले गेले तेव्हा रॅथबोन हयात नव्हत्या. सत्तर वर्षांनी त्याच संसदेने ओढाताण सुरू होते तिथेच हात आखडता घेतला.

महाराष्ट्राबद्दल आपण विचारलेत. पंचायतीचा नियम सज्ञान माणसाच्या उमेदवारीवर आहे. 12 सप्टेंबर 2001 नंतर तिसरे मूल झालेल्याला सरपंच होता येत नाही, पण त्यामुळे त्या मुलाच्या ताटातले काही कमी होत नाही. मला अधिक जवळचे वाटते ते रेशनचे उदाहरण. प्राधान्य कुटुंबाच्या शिधापत्रिकेवर माणशी 5 किलो धान्य मिळते, तर अंत्योदयच्या पत्रिकेवर घरात माणसे कितीही असोत, 35 किलो. अंत्योदय अधिक गरिबांसाठी आहे, तरी घरात आठ माणसे असली की त्यांच्या पदरी प्राधान्य कुटुंबापेक्षा 5 किलो कमीच पडतात. माणसे न मोजता मदत ठरवली की असे होते. लेक लाडकी योजनेतही दुसऱ्या बाळंतपणानंतर कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया ही अट आहे, तेव्हा तिकडचे सगळे आदर्श आहे असे मी म्हणणार नाही. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार 2019-21 मध्ये महाराष्ट्राचा जननदर (एका स्त्रीमागे सरासरी मुले) 1.7 होता, आणि पंचायतीसाठी अशी अट नसलेल्या केरळचा 1.8. शिक्षण आणि बाळंतपणातली सुरक्षितता वाढली की कुटुंबे आपोआप लहान होतात.

आपली,
शुभदा

प्रेषक: नीलिमा, ग्लासगो

नमस्कार.

एवढीच माहिती जोडते की स्कॉटलंड सरकार स्कॉटिश चाइल्ड पेमेंट म्हणून कमी उत्पन्नाच्या घरांना सोळा वर्षांखालच्या प्रत्येक मुलामागे आठवड्याला पैसे देते (2025-26 मध्ये 27.15 पौंड) आणि त्यात मुलांच्या संख्येची अट नाही. ही योजना 2021 पासून सुरू आहे. तिच्यासाठी इथे कोणी मुलांचा धडाका लावल्याचे निदान माझ्या पाहण्यात नाही.

नीलिमा

प्रेषक: माधव

सौ. शुभदाताई,

पत्र दोनदा वाचले. जुळ्यांचा नियम हास्यास्पद होता आणि वैधव्याला अपवाद नसणे वाईट होते, याबद्दल दुमत नाही. पण मग अपवाद वाढवायला हवे होते, मर्यादाच काढून टाकण्याचे कारण काय? माझा मूळ प्रश्न अजून उभा आहे. जे घर आधीपासून मदतीवरच चालते आहे, तिथे चौथे मूल आले तर त्याची रक्कमही आपोआप वाढावी का? कुठेतरी कोणीतरी पुरे म्हणायला नको का? जुलै 2021 मध्ये इथल्या सर्वोच्च न्यायालयाने ही मर्यादा वैध ठरवली होती, हेही विसरून चालणार नाही.

आणि व्हिसाबद्दल वेगळे लिहीन म्हणालात, ते राहिले.

माधव

प्रेषक: शुभदा

माधवकाका,

न्यायालयाने मर्यादा शहाणपणाची आहे असे म्हटले नव्हते. असा निर्णय घेण्याचा अधिकार संसदेचा आहे असे म्हटले होते. संसद आता तो अधिकार दुसऱ्या दिशेने वापरते आहे.

अपवाद वाढवण्याबद्दल म्हणाल, तर प्रत्येक नव्या अपवादाबरोबर एक नवा अर्ज, नवा पुरावा आणि दारात उभ्या असलेल्या माणसावर नवा संशय येतो. वर सांगितलेले कलम तसेच जन्मले.

चौथ्या मुलाच्या आपल्या प्रश्नाला उत्तर आहे, आणि ते आपल्याला पटेल, मला पटत नाही. बेनिफिट कॅप नावाची दुसरी मर्यादा कायम राहते आहे. कमाई नसलेल्या किंवा फार थोडी असलेल्या कुटुंबाची एकूण मदत लंडनबाहेर वर्षाला 22,020 आणि लंडनमध्ये 25,323 पौंडांवर थांबते, घरात मुले कितीही असोत. आजारी किंवा अपंग माणूस असलेल्या काही घरांना तीतून सूट आहे. म्हणजे आपण वर्णन केलेल्या घराच्या हाती एप्रिल 2026 नंतरही बहुधा काही वाढून पडणार नाही. हॅरोसारख्या ठिकाणचे भाडे दिल्यावर त्या रकमेतून तीन मुलांसाठी काय उरते, ते आपण माझ्याहून चांगले जाणता.

व्हिसाची मंडळी. त्यांची मुले इथल्या शाळेत जाऊ शकतात, दवाखान्यात जाऊ शकतात, पण नोकरी गेली तर त्यांच्यासाठी काहीच नाही. आता स्थायिक होण्याची पाच वर्षांची मुदत दहा वर्षांवर नेण्याचा प्रस्ताव आहे, आणि स्थायिक झाल्यावरही नागरिकत्व मिळेपर्यंत मदत बंद ठेवावी का, असे गृहखाते विचारते आहे. सूचना पाठवण्याची मुदत 12 फेब्रुवारी 2026 पर्यंत आहे. मंडळाने त्यावर लिहावे असे मला वाटते. मसुदा मी करते, आपण तो तपासावा; आपल्याइतके काटेकोर कोणी तपासणार नाही. फक्त इथल्या तिसऱ्या मुलाचे काढून आपल्या पहिल्याला द्या, अशा अर्थाचे वाक्य त्यात आले, तर त्याखाली माझी सही नसेल, हे आधीच सांगून ठेवते.

शुभदा