प्रति: दुहेरी आकड्यांचं नाणं

नाण्यावरचं साल दुहेरी दिसतंय म्हणजे ते दुर्मीळच, असं तुम्ही वर लिहिलंय. थोडं थांबा. साचा घडवतानाच नक्षी दोनदा, किंचित सरकून उमटली असेल, तर दुसरी रेघही पहिलीसारखीच गोलसर आणि उठावदार असते, अक्षरांच्या टोकांशी खाच दिसते. त्या साच्यातून पडलेलं प्रत्येक नाणं तसंच निघतं. अमेरिकेच्या १९५५ च्या एक सेंटच्या नाण्याचं प्रसिद्ध प्रकरण हेच. पण नाणं पाडताना सैल साचा हलला, तर धातू चेपून सपाट पायरी तयार होते आणि मूळ अक्षर उलट बारीक होतं. अशी नाणी ढिगाने सापडतात, संग्राहक त्यांना विचारत नाहीत. दहापट भिंग घ्या, उजेड तिरका पाडा, फरक कळेल. (मीही सुरुवातीला अशी डबीभर 'दुर्मीळ' नाणी जपली होती!)

भिंगाशिवाय ओळखता येणारे प्रकारही असतात. ब्रिटनच्या २० पेन्सच्या नाण्याची नक्षी २००८ मध्ये बदलली, तेव्हा साल मागच्या बाजूवरून पुढे आणायचं होतं. काही नाण्यांना नव्या मागच्या बाजूसोबत जुनीच पुढची बाजू लागली आणि साल कुठेच उरलं नाही.

किमतीचं म्हणाल, तर विक्रेते काय मागतात ते सोडा, लिलावात तोच प्रकार, त्याच दर्जाचा, प्रत्यक्षात कितीला गेला ते बघा. आणि तोवर ते नाणं कृपया चिंच लावून घासू नका.